सेन्सरला कळलं, पण धावणार कोण? रुग्णालयातल्या 'स्मार्ट' खाटा आणि धाराशिवसारखा जिल्हा

जनरल वॉर्डात रात्री दहाला सिस्टर येतात. ताप, नाडी, बीपी बघतात, केस पेपरवरच्या तक्त्यात आकडे लिहितात आणि पुढच्या खाटेकडे जातात. पुढची फेरी मध्यरात्रीनंतर, कधी थेट पहाटे. मधल्या चार-सहा तासांत रुग्णाच्या शरीरात काय चाललंय याची नोंद कुठेच होत नाही. नातेवाईक खाटेशेजारी चटई टाकून झोपलेले असतात. सकाळी डॉक्टर राऊंडला येतात, तेव्हा कळतं की पेशंट 'रात्रीतून बिघडला'.

हे वाक्य बहुतेक घरांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. पण रुग्ण खरंच असे अचानक बिघडतात का? अमेरिकेत मायामीच्या एका मोठ्या रुग्णालयात हृदय बंद पडलेल्या ६४ रुग्णांचे कागद तपासले गेले आणि तो अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८४ टक्के रुग्णांमध्ये आधीच्या आठ तासांत बिघाडाची लक्षणं दिसली होती. श्वास वाढला होता, रुग्ण गोंधळल्यासारखा बोलत होता, नाडी बदलली होती. शरीराने आधी हाक दिली होती, पण ती वेळेत कुणी ऐकली नाही.

सेन्सर आणि मशीन लर्निंग यांचा रुग्णालयातला उपयोग समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात इथून करावी लागते. ऑपरेशन करणारे रोबो वगैरे नंतर. आधी प्रश्न साधा आहे: दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात रुग्णाकडे कोण बघतंय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरात दर दहा रुग्णांपैकी एकाला उपचार घेताना काही ना काही इजा होते आणि असुरक्षित उपचारांमुळे वर्षाला ३० लाखांहून जास्त माणसं दगावतात. चुकीचं औषध, जंतुसंसर्ग, खाटेवरून पडणं, पाठीला झालेल्या जखमा आणि उशिरा लक्षात आलेला बिघाड, असं सगळं त्यात येतं. या विषयाकडे लक्ष वेधण्यासाठी २०१९ पासून १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन पाळला जातो. भारतानेही २०१८ मध्ये रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला होता.

सेन्सर नेमकं काय मोजतो?

सगळ्यांच्या ओळखीचा सेन्सर म्हणजे बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर. कोरोनाच्या काळात तो घराघरांत पोहोचला. त्यामागची कल्पना जपानी इंजिनिअर ताकुओ आओयागी यांची, १९७० च्या दशकातली. बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा प्रकाश सोडायचा. ऑक्सिजन असलेलं रक्त आणि ऑक्सिजन नसलेलं रक्त हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. त्या फरकावरून टक्केवारी काढायची.

या उपकरणाची एक गोष्ट आपल्याकडे माहीत असायला हवी. डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक अभ्यास मांडला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्त थेट तपासलं, तर काही रुग्णांमध्ये खरा आकडा ८८ च्या खाली निघत होता. गोऱ्या रुग्णांमध्ये हे प्रमाण ३.६ टक्के होतं, कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ११.७ टक्के. त्वचेतलं रंगद्रव्य प्रकाशाच्या वाटेत येतं, असं त्याचं कारण मानलं जातं. हे मशीन लर्निंग नव्हे, साधा सेन्सर आहे. तरीही तो कुणाच्या बोटावर तपासून बाजारात आला, यावर त्याचा खरेपणा ठरतो.

दुसरा प्रकार गादीखालचा. बंगळुरूची 'डोझी' ही २०१५ मध्ये सुरू झालेली कंपनी असा सेन्सर बनवते. गादीखाली एक पातळ पट्टी असते. हृदय रक्त ढकलतं तेव्हा शरीराला अगदी सूक्ष्म झटका बसतो. बंदूक उडाल्यावर खांद्याला बसतो तसा, फक्त हजारो पट बारीक. श्वास घेताना छाती वर-खाली होते, त्यानेही गादी हलते. पट्टी ही हालचाल टिपते आणि सॉफ्टवेअर त्यातून श्वासाची संथ लाट आणि हृदयाचे भरभर ठोके वेगळे काढतं. अंगाला वायर नाही, बोटाला चिमटा नाही. रुग्णाला कळतही नाही.

यातला श्वासाचा आकडा सगळ्यात मोलाचा आहे. कारण तोच हाताने नीट मोजला जात नाही. श्वास मोजायचा म्हणजे रुग्णाच्या छातीकडे मिनिटभर बघत उभं राहायचं. चाळीस रुग्ण आणि एक सिस्टर असताना ते होत नाही. मग जगभरातल्या वॉर्डांत एकच गोष्ट दिसते: तक्त्यात ओळीने १८, २०, १८, २०. शरीर बिघडायला लागलं की सगळ्यात आधी बदलणाऱ्या खुणांपैकी एक श्वास आहे आणि अंदाजपंचे लिहिला जाणारा आकडाही तोच.

नवजात बाळांसाठी वेगळे सेन्सर आहेत. बंगळुरूच्याच 'बेम्पू' कंपनीचं 'टेम्पवॉच' हे बाळाच्या मनगटाला बांधायचं छोटं कडं आहे. अंग पुरेसं गरम असेल तर निळा दिवा लुकलुकतो. बाळ गार पडायला लागलं की दिवा नारिंगी होतो आणि कडं वाजतं. आईने बाळाला छातीशी धरायचं. कमी वजनाच्या बाळाला गारठा किती महागात पडतो हे जिला माहीत आहे, अशा कुठल्याही आजीला हे यंत्र समजावून सांगावं लागणार नाही. इंटरनेट नको, सर्व्हर नको, मशीन लर्निंगही नको. या लेखातलं सगळ्यात साधं आणि कदाचित सगळ्यात हुशार यंत्र हेच आहे.

याशिवाय कॅमेरे आणि रडार आहेत. हात धुतले का, रुग्ण खाटेवरून उतरायच्या बेतात आहे का, हे छतावरच्या कॅमेऱ्याने ओळखायचे प्रयोग स्टॅनफर्डमध्ये झाले आहेत. आपल्याकडच्या सरकारी वॉर्डासाठी हे सध्या दूरचं आहे.

मग मशीन लर्निंग कशाला?

आकडे मिळाले, पण आकड्यांतून धोका ओळखायचा कसा? एक उदाहरण घेऊ. समजा, रुग्णाचा श्वास मिनिटाला २२ आहे, ऑक्सिजन ९५, नाडी १०४, वरचं बीपी १०८ आणि ताप १००.८. यातला कुठलाही एक आकडा बघून कुणी घाबरणार नाही. "थोडा ताप आहे, बघू सकाळी," असंच म्हटलं जाईल.

आता हेच आकडे ब्रिटनमधल्या तक्त्यात टाका. तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये 'नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर' आणला आणि २०१७ मध्ये सुधारला. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार 'न्यूज' होतो, पण बातम्यांशी संबंध नाही. प्रत्येक आकडा नेहमीपेक्षा किती सरकलाय त्यानुसार गुण द्यायचे. वरच्या रुग्णाला श्वासाचे २, ऑक्सिजनचा १, नाडीचा १, बीपीचा १ आणि तापाचा १, असे एकूण ६ गुण मिळतात. ५ किंवा जास्त गुण झाले की डॉक्टरने तातडीने येऊन बघायचं, ७ झाले की आणीबाणी. म्हणजे जो रुग्ण "सकाळपर्यंत थांबू शकतो" वाटत होता, त्याच्याकडे आत्ताच जायला हवं.

हे काम कागद-पेनने होतं. मशीन लर्निंग त्याच्या पुढची पायरी आहे. इथे गुण माणसाने ठरवलेले नसतात. संगणकाला हजारो जुन्या रुग्णांच्या नोंदी दिल्या जातात: कुणाचे आकडे कसे बदलत गेले आणि शेवटी कोण बरं झालं, कोण आयसीयूत गेलं. त्यातून तो स्वतः नमुने शोधतो. एका क्षणाचा आकडा बघण्याऐवजी तो चढ-उतार बघतो. नाडी १०४ आहे यापेक्षा ती सहा तासांत ८० वरून १०४ वर गेली आणि त्याच वेळी लघवी कमी झाली, हे त्याला जास्त महत्त्वाचं वाटू शकतं.

अनुभवी डॉक्टर तरी दुसरं काय करतात? डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासून रायगड जिल्ह्यात बिरवाडी-महाड भागात विंचूदंशाचे रुग्ण बघितले. रुग्णाच्या उशाशी तासन् तास थांबून नाडी, बीपी, घाम, फुप्फुसांतलं पाणी यांच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदींतून विष शरीरात कसकसं पुढे सरकतं हे उमगलं आणि प्राझोसिन हे बीपीचं औषध इथे चालेल असं सुचलं. ४० टक्क्यांच्या घरातला मृत्युदर एक टक्क्याच्या आसपास आला. 'लॅन्सेट'ने ते काम छापलं. सेन्सर नव्हता, संगणक नव्हता. सतत बघणं आणि लिहून ठेवणं मात्र होतं. यंत्राकडून आज जी अपेक्षा आहे ती याच दोन गोष्टींची आहे.

एक यंत्र फसलं, एक चाललं

जंतुसंसर्ग रक्तात पसरून अवयव निकामी व्हायला लागणं म्हणजे सेप्सिस. तो लवकर ओळखणं हे या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं आव्हान मानलं जातं. अमेरिकेतली दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत.

पहिलं 'एपिक' या बलाढ्य सॉफ्टवेअर कंपनीचं. तिचं सेप्सिस ओळखणारं मॉडेल शेकडो रुग्णालयांत वापरलं जात होतं. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ते आपल्या रुग्णालयातल्या ३८ हजारांहून जास्त दाखल रुग्णनोंदींवर तपासलं आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. सेप्सिस झालेल्या दर तीन रुग्णांपैकी दोघे मॉडेलच्या नजरेतून सुटले होते. दुसरीकडे, दाखल झालेल्यांपैकी १८ टक्क्यांच्या नावाने त्याने अलार्म वाजवला होता. म्हणजे ओरडलं खूप, पकडलं कमी.

दुसरं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात भारतीय वंशाच्या संशोधक सुची सारिया यांच्या गटाने बनवलेलं. पाच रुग्णालयांत, जवळपास ५ लाख ९० हजार रुग्णांवर ते चाललं. २०२२ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये निकाल आला. यंत्राने इशारा दिल्यावर तीन तासांच्या आत डॉक्टर किंवा नर्सने तो बघून "हो, बरोबर आहे" अशी खूण केली, त्या सेप्सिस रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण तुलनेने १८.७ टक्क्यांनी कमी होतं. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला हा प्रयोग नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय यंत्राला देता येत नाही. पण त्या आकड्याच्या आधीची अट पुन्हा वाचा. तीन तासांच्या आत कुणीतरी बघितलं, तर.

खोट्या अलार्मचं गणित

'९० टक्के अचूक' असं जाहिरातीत वाचलं की विश्वास बसतो. थोडा हिशोब करून बघा. समजा, १,००० रुग्ण आहेत आणि त्यातले २० खरंच बिघडणार आहेत. यंत्र बिघडणाऱ्यांपैकी ९० टक्के ओळखतं, म्हणजे १८ जण सापडले. उरलेल्या ९८० ठणठणीत रुग्णांबाबतही ते ९० टक्के वेळा बरोबर आहे, म्हणजे ९८ जणांच्या नावाने उगाच वाजलं. एकूण अलार्म ११६, खरे १८. दर सहा-सात अलार्ममागे एक खरा.

ही कागदावरची अडचण नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात ७७ आयसीयू खाटांवर ३१ दिवसांत २५ लाखांहून जास्त अलार्म नोंदले गेले. कानाला ऐकू येणारे अलार्म एका खाटेमागे दिवसाला १८७ होते. हृदयाच्या तालाबद्दलचे जे अलार्म संशोधकांनी तपासले, त्यातले जवळपास ८९ टक्के खोटे निघाले. हा २०१४ चा अभ्यास. सतत वाजणाऱ्या गोष्टीकडे माणसाचं दुर्लक्ष होतं, मग ती कर्तव्यदक्ष नर्स का असेना. आवाज कमी केला जातो, बंद केला जातो आणि खरा अलार्म त्यात हरवतो. लांडगा आला रे आला! अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये सावध केलं होतं की साडेतीन वर्षांत तिच्याकडे अलार्मशी संबंधित ९८ घटना आल्या आणि त्यात ८० मृत्यू झाले.

धाराशिवमध्ये याचा उपयोग किती?

इथे अमेरिकेतून मराठवाड्यात यावं लागतं. धाराशिव, म्हणजे २०२३ पर्यंतचा उस्मानाबाद जिल्हा. आठ तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांवर लोकसंख्या. २०१८ मध्ये नीती आयोगाने महाराष्ट्रातले जे चार जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले, त्यातला हा एक. जिल्ह्याला स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं ते २०२२ मध्ये, १०० जागांचं. त्याआधी गंभीर रुग्ण म्हटलं की सोलापूर नाहीतर लातूर. आजही अवघड केस असली की नातेवाईकांच्या तोंडी "सोलापूरला न्यायचं का?" हाच प्रश्न असतो. धाराशिवहून सोलापूर साधारण ७० किलोमीटर. परंड्याची माणसं बार्शी गाठतात, उमरगा-लोहाऱ्याची लातूर किंवा सोलापूर.

धाराशिवच्या बाबतीत आधी मिळालेल्या इशाऱ्याची किंमत म्हणूनच वेगळी ठरते. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात यंत्राने चार तास आधी सांगितलं, तर रुग्णाला लिफ्टने वरच्या मजल्यावरच्या आयसीयूत हलवतात. भूम किंवा लोहाऱ्याच्या रुग्णालयात तेच चार तास म्हणजे १०८ ला फोन करणं, ऑक्सिजन लावून रुग्ण गाडीत घालणं, पुढच्या रुग्णालयात खाट आहे का विचारणं आणि तिथे पोहोचणं. उशीर झाला तर हे सगळं रस्त्यात घडतं. मोठ्या शहरापेक्षा लहान गावातल्या वॉर्डाला हा वेळ जास्त हवा आहे, असा युक्तिवाद सहज करता येतो आणि तो खोटा नाही.

पण नेमक्या याच ठिकाणी यंत्राच्या वाटेत अडथळे जास्त आहेत.

पहिला अडथळा माणसांचा. डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडलेल्या कॅगच्या अहवालाने राज्याच्या सरकारी आरोग्य व्यवस्थेत परिचारिकांची सुमारे ३५ टक्के कमतरता दाखवली. वर केलेला हिशोब आठवा. ११६ अलार्म वाजणार, १८ खरे असणार आणि प्रत्येक वेळी कुणीतरी उठून खाटेपर्यंत जाणार. एका सिस्टरकडे दोन वॉर्ड असतील तर यंत्र तिची मदत करत नाही, तिच्या कामात भर घालतं. सप्टेंबर २०२३ च्या शेवटी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. चर्चा झाली ती औषधं, मनुष्यबळ आणि खाटांपेक्षा जास्त असलेल्या रुग्णांची. त्या रात्री प्रत्येक पाळण्याखाली सेन्सर असता, तरी या तिन्हींपैकी काहीच वाढलं नसतं.

दुसरा अडथळा खाटेचा. गादीखालचा सेन्सर एका खाटेवर एक शरीर धरून चालतो. आपल्याकडे सलाईन लावलेल्या रुग्णाच्या पायथ्याशी मामा बसलेले असतात, आई लेकराला कुशीत घेऊन झोपते, गर्दीच्या दिवसांत एका खाटेवर दोन पेशंट असतात. सेन्सरने कुणाचे ठोके मोजायचे? बनवणाऱ्यांनी यावर उपाय शोधले असतील, पण विकत घेण्याआधी विचारायचा हा पहिला प्रश्न आहे आणि टेंडरच्या कागदात तो क्वचितच येतो.

तिसरा अडथळा शिकवणीचा. मॉडेल ज्या रुग्णांवर शिकलं, त्यांच्यासारखाच रुग्ण समोर असेल तर ते बरं चालतं. मिशिगनमध्ये एपिकचं काय झालं ते दिसलंच. ग्रामीण मराठवाड्यातल्या अपघात विभागात येतात ते कीटकनाशक प्यायलेले, साप चावलेले, उन्हात काम करून कोसळलेले, रक्त खूपच कमी असलेल्या गरोदर बायका. मण्यार चावलेल्या माणसाचं उदाहरण घ्या. दंश बहुतेकदा झोपेत होतो, जागेवर सूज फारशी नसते. आधी पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू दुबळे होतात. बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा बराच वेळ बरा दिसत राहतो आणि पडतो तेव्हा फार थोडा वेळ हातात उरतो. पापणी उघडते का हे बघणारी सिस्टर इथे गादीखालच्या पट्टीच्या पुढे असते. परदेशातल्या आयसीयूत तयार झालेल्या मॉडेलने असा रुग्ण बघितलेलाच नसण्याची शक्यता मोठी. आपल्या जिल्ह्यातल्या नोंदींवर तपासल्याशिवाय कुठलंही मॉडेल वापरू नये, हा आग्रह त्यामुळे चोचलेपणा नाही.

आणि चौथा अडथळा देखभालीचा. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर एक प्रकरण आलं. पीएम केअर्समधून आलेल्या १५० व्हेंटिलेटरपैकी वापरायला काढलेले ११३ सदोष असल्याचं रुग्णालयाच्या वतीने सांगण्यात आलं, उरलेले ३७ तर उघडलेही नव्हते. केंद्राचं म्हणणं वेगळं होतं: यंत्रं ठीक आहेत, वापर नीट होत नाही. वाद कुणाचा बरोबर हे बाजूला ठेवलं तरी रुग्णाच्या दृष्टीने निकाल एकच. यंत्र आलं, पण श्वास द्यायला उभं राहिलं नाही. सेन्सर तर व्हेंटिलेटरपेक्षा नाजूक. त्याला वायफाय हवं, चार्जिंग हवं, वीज गेली तर बॅकअप हवा आणि वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीला येणारा माणूस हवा.

खरं तर सुरुवात भिंतीपासून करायला हवी

रुग्णसुरक्षेचे सेन्सर म्हटलं की सगळं लक्ष रुग्णाच्या शरीराकडे जातं. महाराष्ट्राचा अलीकडचा इतिहास मात्र इमारतीकडे बोट दाखवतो.

९ जानेवारी २०२१. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली. आत १७ बाळं होती. धूर बाहेर येताना एका नर्सला दिसला, तेव्हा कळलं. सात बाळं वाचली, दहा गेली.

२१ एप्रिल २०२१. नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. वॉर्डातला दाब घसरला आणि सुमारे अर्धा तास पुरवठा विस्कळीत झाला. त्या दिवशी २२ रुग्ण गेले. दोनच दिवसांनी विरारच्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूला आग लागली. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात पुन्हा आयसीयू, पुन्हा आग, ११ मृत्यू.

धूर ओळखणारा डिटेक्टर, ऑक्सिजनच्या पाइपमधला दाब मोजणारा सेन्सर, विजेच्या बोर्डाचं तापमान बघणारा सेन्सर, औषधांच्या फ्रीजमधला थर्मामीटर: या सगळ्या जुन्या, तुलनेने स्वस्त आणि पक्क्या गोष्टी आहेत. त्यांना हजारो रुग्णांच्या नोंदींवर शिकावं लागत नाही. दाब ठरावीक आकड्याखाली गेला की वाजायचं, एवढंच. खोट्या अलार्मची भानगडही कमी. जिल्हा रुग्णालयाकडे मर्यादित पैसे असतील तर 'एआय आयसीयू'च्या फीत कापण्याआधी हे बसवणं आणि दर महिन्याला वाजवून बघणं जास्त शहाणपणाचं आहे. त्याचे फोटो चांगले येत नाहीत, ही अडचण आहे खरी.

नोंदी कुणाच्या, जबाबदारी कुणाची?

भारतात २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं, त्यासाठीचं सॉफ्टवेअरसुद्धा, कायद्याने औषधांच्या व्याख्येत आली आहेत. त्यांच्यावर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची देखरेख असते. आयसीएमआरने मार्च २०२३ मध्ये आरोग्यक्षेत्रातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातला गाभा असा की यंत्र सल्ला देईल, निर्णय आणि जबाबदारी माणसाची. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ चाच.

कागदावर हे चांगलं आहे. वॉर्डात मात्र वेगळाच पेच उभा राहतो. यंत्राने रात्री दोनला इशारा दिला, सिस्टर दुसऱ्या वॉर्डात प्रसूती करत होती आणि रुग्ण गेला. पूर्वी नोंदच नव्हती. आता सेकंदासकट नोंद आहे. ती नोंद व्यवस्था सुधारायला वापरली जाणार की त्या सिस्टरला निलंबित करायला? हे आधी ठरलं नाही, तर कर्मचारी यंत्राकडे सहकारी म्हणून बघणार नाहीत, पाळतीचा कॅमेरा म्हणून बघतील. मग वायर 'चुकून' निघतील.

नातेवाईक म्हणून काय बघता येईल?

रुग्णाला मॉनिटर किंवा गादीखालचा सेन्सर लावला असेल, तर अलार्म कुठे वाजतो ते विचारा. फक्त खाटेशी, की सिस्टरच्या टेबलावरही? रात्री तो कोण बघतं? अलार्मचा आवाज त्रासदायक वाटला तरी बटण दाबून बंद करू नका, सिस्टरला बोलवा.

ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश पुसा. बोट गार असेल तर चोळून गरम करा, नाहीतर आकडा भलताच दाखवतो. गादीखाली सेन्सर असेल तर खाटेवर बसू नका, स्टूल मागून घ्या.

यंत्र नसेल, तरी एक गोष्ट हाताशी आहे. मोबाइलचं घड्याळ लावा आणि रुग्ण शांत पडलेला असताना छाती मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा. मोठ्या माणसात १२ ते २० हा नेहमीचा आकडा. २५ किंवा त्याहून जास्त असेल, किंवा रुग्ण अचानक असंबद्ध बोलायला लागला असेल, तर सकाळच्या राऊंडची वाट बघू नका. "श्वास पंचवीस आहे, मघाशी अठरा होता," असं आकड्यात सांगा. "कसंतरीच करतोय" यापेक्षा या वाक्यावर सिस्टर आणि डॉक्टर लवकर उठतात. लहान मुलांचा श्वास मुळातच जास्त असतो, त्यांना हा आकडा लावू नका.

उपचारांच्या कागदपत्रांची प्रत मागण्याचा अधिकार रुग्णाला आहे. मागणी केल्यापासून ७२ तासांत ती मिळायला हवी. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.